नादारी अर्ज, थकलेली कर्जं आणि धनको: नेहमीचे प्रश्न, नेमकी उत्तरं

कृष्णाकाठ

हप्ते थकले, चारही बाजूंनी तगादे सुरू झाले, की 'सरळ दिवाळखोरी (जुन्या कायद्याच्या भाषेत नादारी) जाहीर करून मोकळं होता येईल का' हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, म्हणून हा धागा काढतोय. दिवाणी कोर्टाची, पतसंस्थांच्या कायद्याची, बँक वसुलीची माहिती असलेले बरेच जण इथे आहेत. प्रत्येकाने आपापल्या विषयातलं लिहावं.

सुरुवात कायद्यापासून करतो, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. २०१६ ची दिवाळखोरी संहिता, जिला सगळे आयबीसी म्हणतात, तिच्यात व्यक्तींसाठी स्वतंत्र तिसरा भाग आहे. पण तो आजवर फक्त एका गटाला लागू झाला आहे: कंपनीच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक हमी दिली आहे ते लोक, १ डिसेंबर २०१९ पासून. नोकरदार, दुकानदार, शेतकरी, रिक्षावाले यांना जुनेच कायदे लागू आहेत. मुंबई हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट, तिथे अर्ज हायकोर्टात आणि मालमत्ता जाते ऑफिशियल असाइनीकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. तिथे अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा राज्य सरकारने अधिकार दिले असतील तर खालच्या दिवाणी न्यायालयात. ज्या हद्दीत तुम्ही राहता किंवा पोटापाण्याचं काम करता, तिथलं कोर्ट.

हे दोन्ही कायदे रद्द करणारं कलम संहितेत आहे, पण ते अमलात आणलेलं नाही. त्यामुळे 'जुना कायदा गेला, आता सगळं एनसीएलटीत (कंपनी न्यायाधिकरणात)' असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

रेवा_ठाणे

व्हिडिओंमध्ये 'फ्रेश स्टार्ट' नावाची योजना सांगतात. अर्ज केला की कर्ज माफ. ते खरं आहे का? एका ठिकाणी फॉर्म भरून देण्याचे पैसेही मागत आहेत.

कृष्णाकाठ

रेवाताई, पैसे देऊ नका. फ्रेश स्टार्ट संहितेच्या कलम ८० मध्ये लिहिलेली आहे, पण अमलात नाही. अमलात आली तरी तिची मर्यादा बघा: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. क्रेडिट कार्डाचे दोन-चार लाख थकलेला माणूस त्यात बसतच नाही. आज त्या नावाने फॉर्म भरून घेणारा माणूस फक्त तुमचं आधार, पॅन आणि फी घेतोय.

अप्पा_सांगली

१९२० च्या कायद्याखालचा अर्ज प्रत्यक्षात कसा चालतो ते सविस्तर लिहितो.

अर्ज करायला दोन गोष्टी लागतात. कर्ज फेडायला तुम्ही असमर्थ असलं पाहिजे, आणि त्याशिवाय पुढच्या तीनपैकी एक: कर्ज किमान ५०० रुपये (आकडा १९२० चाच आहे), किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) अटक झालेली, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू.

अर्जात काय असतं हे कलम १३ सांगतं. आपण फेडू शकत नाही हे विधान. राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता. प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव, पत्ता, रक्कम आणि कर्जाचा तपशील. स्वतःची सगळी मालमत्ता आणि तिची किंमत, ती कुठे आहे, आणि हिशेबाच्या वह्या कुठे आहेत. ही मालमत्ता (कायद्याने वगळलेली सोडून) कोर्टाच्या हवाली करायची तयारी. आणि पूर्वी कधी असा अर्ज केला होता का. केला असेल तर त्याचं काय झालं.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा धनकोंच्या यादीवर. लोक बँकेचं नाव लिहितात, शाखा लिहीत नाहीत. फायनान्स कंपनीचा पत्ता म्हणून कलेक्शन एजन्सीचा पत्ता टाकतात. कार्डाचं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलेलं असतं आणि यादीत जुनीच बँक राहते. मग नोटिसा परत येतात आणि तारखेमागून तारीख पडते. म्हणून अर्जाआधी तीन कामं करा:

१. चारही क्रेडिट ब्युरोंचे (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे) अहवाल काढा. प्रत्येक ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यात कर्ज आज कोणाच्या नावावर दिसतंय ते तपासा.

२. प्रत्येक खात्याचा उतारा मागवा आणि मुद्दल, व्याज, दंड वेगळे लिहा. फोनवर सांगितलेला आकडा अर्जात घालू नका.

३. हातउसने आणि भिशीचे पैसेही लिहा. नातेवाईक आहे म्हणून वगळलं तर उलटतपासणीत तेच पहिल्यांदा निघतं.

अर्ज दाखल झाला की कोर्ट तारीख लावतं, धनकोंना नोटिसा जातात. कर्जदाराच्या स्वतःच्या अर्जात कोर्ट सहसा तात्पुरता रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घेऊन सांभाळणारा) नेमतं. सुनावणीत तुमची तपासणी होते: पैसे कुठे गेले, शेवटची मालमत्ता कधी विकली, कोणाला किती दिले. फेडण्याची असमर्थता प्रथमदर्शनी दिसली की कोर्ट 'नादार' ठरवतं आणि त्याच हुकुमात मुक्तीचा (उरलेल्या कर्जातून सुटकेचा) अर्ज किती मुदतीत करायचा ते लिहितं. तिथून मालमत्ता कोर्टाची किंवा रिसीव्हरची. ती विकून वाटप होतं आणि शेवटी मुक्तीचा हुकूम.

आता ज्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे ते. नुसता अर्ज दाखल केल्याने दावे, दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज), जप्त्या आपोआप थांबत नाहीत. धनकोला परवानगीशिवाय कारवाई करता येत नाही ती नादार ठरवल्यानंतर, कलम २८ प्रमाणे. मधल्या काळात अटकेपासून संरक्षण हवं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. आणि तारण असलेल्या धनकोला कलम २८ अडवतच नाही. घर गहाण असेल तर बँक घराकडे जाणारच.

शुभदा_को

आप्पा, घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करून मग अर्ज करतात, असं ऐकलं आहे. चालतं का?

अप्पा_सांगली

नाही चालत. कलम ५३ बघा: बक्षीसपत्रासारखं मोबदल्याशिवायचं हस्तांतर केलं आणि त्यानंतर २ वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर रिसीव्हर ते रद्द करून मागू शकतो. अपवाद दोन: लग्नाआधी आणि लग्नाच्या मोबदल्यात केलेलं, आणि प्रामाणिक खरेदीदाराला मोल घेऊन दिलेलं. कलम ५४ त्याहून जास्त लोकांना लागतं: एका धनकोला झुकतं माप देण्यासाठी अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांत त्याला पैसे दिले तर ते व्यवहारही उलटवता येतात. मेव्हण्याचे दोन लाख आधी चुकवले आणि महिन्याभराने नादारीचा अर्ज टाकला, तर रिसीव्हर मेव्हण्याच्या दारात उभा राहू शकतो.

याच्यापुढे धोका तुरुंगाचा आहे. मालमत्ता दडवणं, वह्या नष्ट करणं, खोटी यादी देणं यासाठी कलम ६९ खाली १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याचा फायदा सगळं उघड करणाऱ्यालाच मिळतो. लपवालपवी केल्याचं दिसलं की ज्या मुक्तीसाठी सगळा खटाटोप केला तीच हातातून जाते.

मिलिंद_नाशिक

माझा प्रश्न काय राहतं आणि काय जातं याबद्दल. भांडीकुंडीसुद्धा नेतात का?

अ‍ॅड_वैदेही

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० जप्तीतून काय वगळायचं ते सांगतं, आणि नादारीतही तीच यादी लागू होते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असे दागिने (म्हणजे मंगळसूत्र सुटतं, पाटल्या-बांगड्या सुटतीलच असं नाही), कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैलजोडी, बियाणं, आणि तो राहतो ते घर. स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीखाली मिळायची रक्कम सुटते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला त्यांच्या स्वतःच्या कायद्याने संरक्षण आहे. पीपीएफ खातंही कोर्टाच्या जप्तीतून सुटतं.

राहत्या घराचं संरक्षण शेतकऱ्याला आहे, फ्लॅटवाल्या नोकरदाराला नाही. हे कटू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं.

पगाराचा हिशेब असा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. पगार ४०,००० असेल तर ३९,००० चा एक तृतीयांश, म्हणजे १३,००० पर्यंतच जप्ती. तीही २४ महिने चालली की पुढचे १२ महिने पगार मोकळा, आणि जप्ती एकाच हुकूमनाम्याची असेल तर त्या हुकूमनाम्यासाठी कायमचा मोकळा. पोटगीच्या हुकुमाला हा हिशेब लागू नाही, तिथे जास्त कापता येतं.

मात्र ही मर्यादा कोर्टाच्या जप्तीची आहे. तुम्ही स्वतः लिहून दिलेल्या कपातीची नाही. नोकरदारांच्या पतसंस्थेत सभासद होताना सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे पगारातून कापून घ्यायला संमती दिलेली असते, आणि ऑफिस ती कपात करून थेट संस्थेकडे पाठवतं.

शिवाय पगाराचं खातं आणि कर्ज एकाच बँकेत असेल तर बँक थकबाकी खात्यातून वळती करून घेऊ शकते. हप्ता चुकण्याची चिन्हं दिसताच पगाराचं खातं कर्ज नसलेल्या बँकेत न्यावं. हे पूर्ण कायदेशीर आहे. नादारीच्या अर्जात ते खातं मात्र दाखवायचं.

रेवा_ठाणे

आणि अटक? एजंट रोज 'आत टाकू' म्हणतो.

अ‍ॅड_वैदेही

एजंट कोणालाही आत टाकू शकत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण ती ऐपत असून बुडवणाऱ्यासाठी. सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केलं की नुसती फेडण्याची असमर्थता हे तुरुंगात टाकायचं कारण होऊ शकत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस येते, ऐपत आहे की नाही याची चौकशी होते. कैद झालीच तर जास्तीत जास्त ३ महिने. स्त्रीला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६.

खरी फौजदारी भीती आहे ती चेकची. चेक न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत धनकोने नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस, ते उलटल्यावर १ महिन्यात तक्रार. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असतानाच कोर्ट २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं. ईसीएस किंवा नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापायची सोय) परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली हेच सगळं.

नादारीने हे खटले थांबत नाहीत. आयबीसीतल्या वैयक्तिक हमीदारांनी तो प्रयत्न केला, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथलं अंतरिम स्थगन चेकच्या खटल्याला लागू नाही असंच सांगितलं. म्हणून कर्ज घेताना दिलेल्या कोऱ्या चेकांचे नंबर कुठेतरी लिहून ठेवा आणि १५ दिवसांची ती नोटीस कधीही परत पाठवू नका. योग्य पत्त्यावर पाठवलेली रजिस्टर्ड नोटीस नाकारली तरी ती मिळाली असंच धरतात. उत्तर द्यायची संधी तेवढी जाते.

तात्या_बार्शी

पतसंस्थेच्या कर्जाचं आणि जामीनदाराचं कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. गावाकडे निम्मी भांडणं यावरूनच.

पतसंस्था दिवाणी कोर्टात जात नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडे (तालुक्याला सहायक निबंधक किंवा उपनिबंधक) वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. तिथून कर्जदाराला आणि दोन्ही जामीनदारांना नोटीस येते. जायचं ते याच तारखेला. व्याज जादा लावलंय, भरलेले हप्ते जमा दाखवले नाहीत, सही माझी नाही, हे सगळं इथेच लेखी मांडायचं आणि पावत्या जोडायच्या. लोक 'सोसायटीचा कागद आहे, बघू' म्हणून घरी बसतात. दाखला निघाला की संस्थेचा विशेष वसुली अधिकारी कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे थेट जप्तीला येतो. आणि दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर आधी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. सुनावणीला गैरहजर राहण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

स्थावर मालमत्तेचा लिलाव झालाच तर ३० दिवसांच्या आत पूर्ण थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के भरून तो रद्द करून घेता येतो. पैसे उभे करणार असाल तर ही शेवटची खिडकी.

जामीनदारांसाठी: 'आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' हे बोलणं कायद्यात टिकत नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि संस्था थेट तुमच्या पगारावर येऊ शकते. कर्जदार नादार ठरून मुक्त झाला तरी जामीनदार सुटत नाही. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. तुमच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर कलम १३३ प्रमाणे त्यापुढच्या व्यवहारांची जबाबदारी जाते. मात्र छापील जामीनपत्रात ही संमती आधीच लिहून घेतलेली असते, तेवढं तपासा. आणि भरलेली रक्कम कर्जदाराकडून दावा करून घेता येते, भरल्यापासून ३ वर्षांत. म्हणून भरताना पावतीवर 'जामीनदार म्हणून भरणा' असं लिहून घ्या.

मिलिंद_नाशिक

+१. तात्या, खासगी सावकाराचंही सांगा. महिना ५ टक्के आणि ७/१२ गहाण असं सर्रास चालतं.

तात्या_बार्शी

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा आहे. परवाना नसताना सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद. व्याजाचे दर सरकार ठरवतं आणि ते वार्षिक असतात, महिन्याचे नाहीत. मुद्दलापेक्षा जास्त थकीत व्याजाचा हुकूमनामा सावकाराला मिळत नाही. परवाना नसलेल्याचा दावा तर टिकतच नाही.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करा, लेखी, पोच घेऊन. सावकारीपोटी जमीन लिहून घेतली असेल, मग कागदावर ते साधं खरेदीखत का दिसेना, तर गेल्या १५ वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याचा हुकूम जिल्हा उपनिबंधक करू शकतात. पुरावा काय लागतो? खरेदीखतातली किंमत रेडी रेकनरच्या (सरकारी दराच्या) कितीतरी खाली, खरेदीनंतरही पीकपाहणीत तुमचंच नाव, सावकाराला गेलेल्या रकमांचे बँक किंवा यूपीआय उतारे, आणि त्याच माणसाने गावात इतरांकडूनही अशी खतं केल्याच्या नकला. या शेवटच्या मुद्द्यावर प्रकरण उभं राहतं, कारण एकाच व्यवहाराला तो 'खरीच खरेदी' म्हणतो.

सायली_पी

वसुली एजंटांबद्दल थोडक्यात. थकीत कर्जासाठी फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा नियम आहे. घरी येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. नातेवाईक, शेजारी, ऑफिस यांना फोन करून बदनामी केलेली चालत नाही. आधी बँकेच्या किंवा वित्तकंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, फोन नंबर, तारीख, वेळ आणि रेकॉर्डिंगसह. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे. फुकट आहे, वकील लागत नाही. धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, पोलीस ठाण्यात. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची तक्रार उपनिबंधकाकडे.

ज्या कर्ज अ‍ॅपने फोनमधली नावं आणि फोटो उचलले त्याने तिथेच नियम मोडला आहे. मॉर्फ केलेले फोटो पाठवायला लागले तर १९३० वर किंवा सायबर पोर्टलवर तक्रार करा आणि स्क्रीनशॉट पुसू नका.

शुभदा_को

लोकअदालतीची नोटीस आली आहे आणि दुसरीकडून लवादाची. कुठल्या कागदाला किती महत्त्व द्यायचं हेच कळत नाही.

अ‍ॅड_वैदेही

शुभदाताई, कागदाच्या वरच्या चार ओळी वाचा: कोणी पाठवलंय, प्रकरण क्रमांक आहे का, तारीख आणि ठिकाण काय.

दाखलपूर्व लोकअदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. गेला नाहीत तर वॉरंट निघत नाही. पण जाणं बऱ्याचदा फायद्याचं असतं, बँकेचा अधिकारी तिथे सवलत द्यायची तयारी ठेवून येतो. एक लक्षात ठेवा: तिथे सही केलेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. महिना ८,००० झेपत असतील तर १५,००० वर सही करू नका.

लवादाची (करारानुसार कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्याची) नोटीस कधीही दुर्लक्षू नका. वित्तकंपनीने एकतर्फी स्वतःचाच लवाद नेमला असेल तर त्यावर पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून ही हरकत भक्कम आहे. निवाडा झालाच तर त्याला आव्हान द्यायला ३ महिने, त्यावर फार तर आणखी ३० दिवस. त्यानंतर थेट दरखास्त.

ऑर्डर ३७ चा समरी दावा (झटपट निकालाचा पैशाचा दावा) आला तर हजर राहायला फक्त १० दिवस, आणि पुढे 'समन्स फॉर जजमेंट' मिळाल्यावर बचावाची परवानगी मागायला पुन्हा १० दिवस. चुकलात तर बाजू न ऐकता हुकूमनामा.

गहाण घरावर बँकेची ६० दिवसांची नोटीस आली, म्हणजे सरफेसीची (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याची) कलम १३(२) ची, तर त्या ६० दिवसांत लेखी हरकत द्या. बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत डीआरटी (कर्जवसुली न्यायाधिकरण), आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही.

गणेश_दुबई

आखातातल्यांसाठी एक भर. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या ठरावीक कोर्टांचे दिवाणी हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी दाखल करता येतात. तिथली कार्डं, पर्सनल लोन टाकून रत्नागिरीला परतलं की संपलं, असं आता नाही. निघण्याआधी बँकेशी तडजोड करून लेखी पत्र घेऊन या.

सायली_पी

तडजोडीचा विषय निघालाच आहे तर त्यात काय चुकतं ते सांगते, कारण पैसे भरूनही कर्ज जिवंत राहिल्याची प्रकरणं याच टप्प्यावरची.

पैसे भरण्याआधी पत्र. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून, आणि त्यात या गोष्टी शब्दांत: कर्ज खात्याचा पूर्ण क्रमांक, तडजोडीची रक्कम, हप्ते आणि तारखा, 'ही रक्कम भरल्यावर उर्वरित सर्व येणी सोडून दिली जातील' हे वाक्य, चालू चेक केस आणि लवाद मागे घेण्याची मुदत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पत्र नव्हे, शाखेत किंवा ग्राहक सेवेत खात्री करा. पैसे फक्त कर्ज खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. पत्रातली तारीख एका दिवसाने जरी चुकली तरी बँक तडजोड रद्द करून भरलेले पैसे व्याजात वळवू शकते. त्यामुळे शेवटच्या दिवसाच्या आधीच भरा.

पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा. ७/१२ वरचा बोजा आपोआप जात नाही. बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे फेरफार नोंदवावा लागतो.

ब्युरोच्या अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि पुढचं कर्ज मिळायला ती आड येते. पैसे जमले तर उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेता येतं.

मुदतीबद्दल सावध राहा. विनातारण कर्जाच्या दाव्याची मुदत ३ वर्षं. ती संपत आली असताना 'मला देणं मान्य आहे, थोडा वेळ द्या' असं सही केलेलं पत्र दिलं, की त्या तारखेपासून पुन्हा ३ वर्षं. थोडी रक्कम भरून स्वतःच्या हाताची नोंद ठेवली तरी तेच. कर्ज मान्य करायला हरकत नाही, पण काय करतो आहोत हे माहीत असू द्या.

मिलिंद_नाशिक

मग पैसे थोडेच असतील तर आधी कोणाचे द्यायचे?

कृष्णाकाठ

माझं मत: पोटगी आणि घरखर्च आधी. मग राहत्या घराचा हप्ता, तो ९० दिवस थकला की खातं एनपीए (बुडीत वर्गातलं) होतं आणि सरफेसीची वाट मोकळी होते. मग चेक दिलेली आणि नॅच लावलेली देणी. मग ज्यात दुसरा माणूस जामीन आहे ती कर्जं. कार्डं आणि विनातारण पर्सनल लोन शेवटी, तडजोडही तिथेच जास्त मिळते. एजंट जोरात बोलतो म्हणून त्याचे आधी, हा क्रम घर घालवतो.

पण नादारीचा अर्ज करायचा ठरलाच असेल तर हे गणित बदलतं. आप्पांनी सांगितलेलं कलम ५४ तेव्हा डोक्यावर असतं, त्यामुळे अर्जाआधीचे ३ महिने कोणाला निवडून मोठी रक्कम देणं टाळा.

रेवा_ठाणे

शेवटचा प्रश्न. नादार ठरल्यावर आयुष्यभर तो शिक्का राहतो का? आणि सगळं कर्ज जातं का?

अप्पा_सांगली

मुक्ती मिळेपर्यंत राहतो. तोवर आमदार-खासदार होता येत नाही, कंपनीचं संचालक होता येत नाही (त्यासाठी तर अर्ज प्रलंबित असणंही पुरे), आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद. त्या काळात वारसाहक्काने काही मिळालं तर तेही रिसीव्हरकडे जातं.

मुक्ती मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी सुटत नाही. मालमत्तेतून रुपयात आठ आणेही उभे राहिले नाहीत, धंद्याच्या वह्या ठेवल्या नाहीत, किंवा बुडतोय हे कळल्यावरही उधारी चालू ठेवली, तर कोर्ट निर्भेळ मुक्ती नाकारतं. पहिल्या मुद्द्यावर सवलत आहे: ते आपल्या दोषाशिवाय घडलं हे पटवता आलं पाहिजे. आजारपणाची बिलं, नोकरी गेल्याचं पत्र, पूर-आगीचा पंचनामा हे कागद त्यासाठी पहिल्या दिवसापासून जपा.

आणि नादार ठरवणाऱ्या हुकुमातली ती मुदत. मुक्तीचा अर्ज त्या मुदतीत केला नाही तर कलम ४३ खाली नादारीच रद्द होते, सगळे धनको पुन्हा मोकळे होतात, आणि त्याच कोर्टाच्या परवानगीशिवाय दुसरा अर्ज करता येत नाही. नादार ठरल्यावर लोकांना वाटतं काम झालं, वकीलही बदललेला असतो, आणि फाईल तशीच राहते. हुकुमाची नक्कल हातात आली की ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा आणि वकिलाकडून मुक्तीच्या अर्जाचा मसुदा महिनाभर आधी मागून घ्या.